मूळ दप्तर आणि हाताशी ठेवलेली नक्कल

ऑनलाइन दुकानातलं एक साधं पान डोळ्यांसमोर आणा. तुपाची बरणी, तिचा फोटो, मूळ किंमत, कर धरून होणारी रक्कम, शिल्लक माल, बाजूला विभागांची यादी, खाली ग्राहकांचे अभिप्राय. वाचणाऱ्याला हे एकच पान दिसतं. ते उभं करण्यासाठी सर्व्हरला मात्र डेटाबेसला पंधरा-वीस प्रश्न विचारावे लागतात, आलेल्या उत्तरांवर आकडेमोड करावी लागते आणि मग त्या सगळ्याचं एचटीएमएल तयार करावं लागतं. पुढच्याच सेकंदाला दुसरा ग्राहक तेच पान उघडतो आणि सगळा खटाटोप पहिल्यापासून सुरू होतो. बरणी तीच, किंमत तीच, विभागांची यादीही तीच.

एकदा काढलेलं उत्तर जवळ ठेवावं आणि पुन्हा कुणी विचारलं तर तेच द्यावं, हे कुणालाही सुचेल. यालाच कॅशिंग म्हणतात आणि जवळ ठेवलेल्या उत्तरांच्या साठ्याला कॅश. उत्तर जवळ ठेवणं हे चार ओळींचं काम आहे. ते कधी टाकून द्यायचं, हे ठरवताना मात्र जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांची दमछाक झाली आहे. डेटाबेसमध्ये कायम जतन केलेल्या वस्तूच्या शेजारी तिच्यापासून काढलेलं उत्तर ठेवायचं असेल, तर त्याचे नियम कोणते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

एक लाख पटींचं अंतर

आधी हा खटाटोप महाग का पडतो ते पाहू. संगणकाच्या रॅममधून एक आकडा वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीवर कुठेतरी ठेवलेला आकडा आणायला सुमारे १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजार पट वेळ जातो. जुन्या फिरत्या डिस्कवर सुई योग्य जागी नेऊन वाचायला १० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे एक लाख पट. रॅममधलं वाचन एका सेकंदाचं मानलं, तर त्याच प्रमाणात एसएसडीला सतरा मिनिटं आणि फिरत्या डिस्कला जवळपास अठ्ठावीस तास लागतील. डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर असेल, तर एकाच डेटा सेंटरच्या आत जाऊन येण्याचे अर्धा मिलिसेकंद त्यात आणखी धरायचे.

जलद पण लहान साठा जवळ, संथ पण मोठा साठा दूर, ही रचना वेबच्या कितीतरी आधीची आहे. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली अवघ्या दोन पानांचा एक लेख लिहिला. मुख्य मेमरीच्या पुढे एक छोटी जलद मेमरी ठेवावी, नुकतंच वापरलेलं त्यात आपोआप राहावं, ही कल्पना त्यांनी मांडली. आयबीएमने १९६८ साली जाहीर केलेल्या सिस्टम/३६० मॉडेल ८५ या यंत्रात ती बाजारात आली. त्यातली कॅश १६ ते ३२ किलोबाइटची होती. एवढ्याशा जागेने यंत्राचा वेग वाढला, कारण प्रोग्राम ज्या माहितीला नुकताच शिवलेला असतो, तिलाच लवकर पुन्हा शिवतो. वेबवरही हेच घडतं. दुकानात लाखभर वस्तू असल्या, तरी दिवसभरात लोक त्यातल्या थोड्याच पुन्हा पुन्हा उघडतात.

प्रोसेसरमधली कॅश आणि वेब सॉफ्टवेअरमधली कॅश यांत मात्र मोठा फरक आहे. प्रोसेसरच्या कॅशची काळजी हार्डवेअर घेतं. प्रोग्राम लिहिणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो. वेब सॉफ्टवेअरमध्ये आपण कच्च्या आकड्यांच्या जोडीला त्यांच्यापासून काढलेले निष्कर्ष ठेवतो: तयार एचटीएमएल, करासहित किंमत, विभागांची बांधलेली यादी. कोणता निष्कर्ष कोणत्या माहितीवर अवलंबून आहे, हे हार्डवेअरला कळू शकत नाही. ते प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच सांगावं लागतं.

विमानातली कल्पना

ही गुंतागुंत जवळून पाहायची, तर ‘झोप’ या पायथन भाषेतल्या वेब सर्व्हरसारखं उदाहरण नाही. १९९६ साली जिम फुल्टन या अमेरिकन प्रोग्रामरवर सीजीआय प्रोग्रामिंगचा वर्ग घेण्याची वेळ आली. वेबसाठी प्रोग्राम लिहिण्याची ती त्या काळची रूढ पद्धत. विषयाची फारशी ओळख नसल्यामुळे त्यांनी जाताना प्रवासात अभ्यास केला, आणि परतीच्या विमानात, त्यातलं जे पटलं नव्हतं त्याला पर्याय म्हणून नव्या रचनेचा गाभा लिहून काढला. व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गच्या डिजिटल क्रिएशन्स या कंपनीत तो वाढला, १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये मुक्त स्रोत म्हणून खुला झाला, आणि पुढे प्लोन ही संकेतस्थळं चालवणारी प्रणाली त्यावरच उभी राहिली.

झोपचा डेटाबेस म्हणजे झेडओडीबी. त्यात टेबलं, रांगा, रकाने नाहीत. पायथनमधला ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्राममधली वस्तू, जशी आहे तशीच जतन होते. ‘दस्तऐवज’ नावाच्या वस्तूला शीर्षक आणि मजकूर हे गुणधर्म असतील, तर मजकुराला नवी किंमत द्यायची आणि व्यवहार पूर्ण करायचा. डिस्कवर लिहिण्याचं काम डेटाबेस स्वतः करतो. गुणधर्म बदलला रे बदलला की वस्तूवर ‘बदललेली’ अशी खूण पडते, आणि व्यवहाराच्या शेवटी खूण असलेल्या वस्तू फाइलीत लिहिल्या जातात.

वाचतानाही अशीच सोय आहे. एखादी वस्तू दुसरीकडे निर्देश करत असेल, तर ती दुसरी वस्तू लगेच आणली जात नाही. तिच्या जागी फक्त ओळख क्रमांक असलेलं रिकामं कवच ठेवलं जातं. झेडओडीबीच्या परिभाषेत याला घोस्ट म्हणतात. तिच्या कुठल्याही गुणधर्माला हात लावला की त्या क्षणी खरी माहिती डिस्कवरून येते आणि कवच भरतं. मेमरी कमी पडू लागली की बराच वेळ न वापरलेल्या वस्तू पुन्हा घोस्ट होतात.

एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एकाच वेळी अनेक ग्राहकांना सेवा देण्यासाठी सर्व्हर अनेक थ्रेड, म्हणजे कामाच्या समांतर धारा, चालवतो. झोपच्या दुसऱ्या पिढीत ठरावीक आकडा चारचा होता. प्रत्येक थ्रेड डेटाबेसशी स्वतःची जोडणी वापरतो, आणि प्रत्येक जोडणीजवळ त्याच वस्तूची वेगळी प्रत असते. म्हणजे डिस्कवर दस्तऐवज एक, मेमरीत चार. एका जोडणीने त्यात बदल करून व्यवहार पूर्ण केला की डेटाबेस बाकीच्या जोडण्यांना कळवतो: अमुक क्रमांकाची वस्तू बदलली, तुमची प्रत टाकून द्या. त्या प्रती घोस्ट होतात आणि पुढच्या वेळी ताजी माहिती येते. वस्तूंच्या पातळीवरची कॅश डेटाबेसच अशी सांभाळतो, आणि ती चोख सांभाळतो. अडचण सुरू होते आपण त्या वस्तूच्या शेजारी स्वतःचं काही ठेवायला जातो तेव्हा.

ठेवायचं कुठे?

समजा, दस्तऐवजाचा मजकूर साध्या खुणांनी लिहिलेला आहे आणि त्याचं एचटीएमएल करायला ८० मिलिसेकंद लागतात. ते दर वेळी कशाला करायचं? एकदा करून ठेवू. ठेवायला तीन जागा आहेत.

पहिली जागा वस्तूचाच एक नेहमीचा गुणधर्म. कुणी पान वाचायला आलं की एचटीएमएल करायचं आणि त्या गुणधर्मात ठेवायचं. दिसायला सरळ, पण गुणधर्म बदलला म्हणजे वस्तूवर बदलाची खूण पडली आणि व्यवहाराच्या शेवटी ती डिस्कवर लिहिली गेली. वाचायला आलेल्या पाहुण्याने लेखन घडवलं. झेडओडीबीची नेहमीची फाइल नुसती पुढे वाढणारी आहे. प्रत्येक लेखन शेवटी जोडलं जातं आणि जुन्या नोंदी साफसफाई करेपर्यंत तिथेच राहतात. त्यामुळे वाचकांमुळे फाइल फुगू लागते. त्याहून वाईट म्हणजे दोन थ्रेडमधल्या दोन वाचकांनी एकाच वेळी तेच पान उघडलं, तर दोघांची लेखनं एकमेकांवर आदळतात, डेटाबेस दुसऱ्याला नकार देतो आणि त्याची विनंती पुन्हा पहिल्यापासून चालवावी लागते. वेग वाढवायला गेलो आणि गर्दीच्या वेळीच संथ झालो.

दुसरी जागा खास याच कामासाठी राखलेली आहे. ज्या गुणधर्माचं नाव अंडरस्कोर, व्ही, अंडरस्कोर या तीन चिन्हांनी सुरू होतं, तो झेडओडीबी तात्पुरता मानतो. त्याला किंमत दिल्याने बदलाची खूण पडत नाही, तो डिस्कवर जात नाही आणि वस्तू घोस्ट झाली की तोही नाहीसा होतो. या शेवटच्या गुणातच त्याचा खरा उपयोग आहे. दुसऱ्या जोडणीने मजकूर बदलला की आपली प्रत घोस्ट होते आणि तिच्यासोबत तिचं जुनं एचटीएमएलही जातं. मूळ माहिती गेली की निष्कर्षही गेला, आणि त्यासाठी आपल्याला एक ओळही लिहावी लागली नाही.

तरी इथे दोन पथ्यं आहेत. तात्पुरता गुणधर्म आहे असं गृहीत धरून कधीही चालू नये. तो आहे का हे विचारून मग पुढच्या ओळीत वापरण्याऐवजी एकदाच मागून घ्यावा. नसेल तर उत्तर नव्याने काढावं. दुसरं पथ्य जास्त लोक विसरतात. बदल ज्या जोडणीतून झाला, त्या जोडणीतली प्रत घोस्ट होत नाही, कारण तिच्याकडे ताजी माहिती असतेच. त्यामुळे तिच्याजवळचं जुनं एचटीएमएलही तसंच राहतं. मजकूर बदलणाऱ्या फंक्शननेच शेजारचा तात्पुरता गुणधर्म पुसायला हवा. हे राहून गेलं, तर ज्या जोडणीतून लेख दुरुस्त झाला तिच्यातून जुनाच लेख दिसतो आणि बाकी जोडण्यांतून नवा.

तिसरी जागा वस्तूच्या पूर्ण बाहेर, वेगळ्या कॅश सर्व्हरमध्ये. तिच्याकडे थोड्या वेळाने येऊ.

तुपाची किंमत

आता सुरुवातीच्या बरणीकडे वळू. २२ सप्टेंबर २०२५ रोजी देशात जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि तुपावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कर वगळून ६०० रुपयांची बरणी आदल्या दिवशी ६७२ रुपयांना होती, ती त्या दिवशी ६३० रुपयांना व्हायला हवी.

समजा, आपल्या दुकानात कराचे दर ‘सेटिंग’ नावाच्या एका वस्तूत आहेत आणि प्रत्येक बरणीच्या वस्तूशेजारी तिची करासहित किंमत तात्पुरत्या गुणधर्मात ठेवली आहे. व्यवस्थापकाने मध्यरात्री सेटिंगमधला दर बदलला. डेटाबेसने सगळ्या जोडण्यांना कळवलं की सेटिंग बदललं. सेटिंगच्या प्रती घोस्ट झाल्या. बरणी मात्र बदललेली नाही. तिची मूळ किंमत ६०० होती आणि ६०० आहे. म्हणून बरणीच्या प्रतीला कुणी हात लावला नाही आणि तिच्याशेजारचे ६७२ रुपये तसेच बसून राहिले.

याचं बाहेर दिसणारं लक्षण चक्रावून टाकणारं असतं. चार थ्रेडमधल्या दोघांनी बरणीची किंमत आदल्या दिवशी काढून ठेवलेली असते, दोघांनी नसते. ग्राहक पान उघडतो, ६७२ दिसतात. रिफ्रेश करतो, ६३० दिसतात. पुन्हा करतो, पुन्हा ६७२. त्याची तक्रार येते, प्रोग्रामर आपल्या यंत्रावर पाहतो, तिथे एकच थ्रेड चालू असतो आणि किंमत बरोबर दिसते. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की दोष नाहीसा होतो, कारण सगळ्या तात्पुरत्या गोष्टी पुसल्या जातात. दोष सापडला नाही, नुसता लपला.

यातून निघणारा नियम असा: वस्तूशेजारी तोच निष्कर्ष निर्धास्त ठेवावा, जो फक्त त्या वस्तूवरून काढलेला आहे. दुसऱ्या वस्तूचा अंश त्यात मिसळला की डेटाबेसचं आपोआप पुसणं पुरं पडत नाही.

आणखी एक सापळा याहून खोल आहे. समजा, एका व्यवहारात सेटिंगचा दर बदलला, त्याच व्यवहारात तपासणीसाठी बरणीची नवी किंमत काढून तिच्याशेजारी ठेवली, आणि शेवटी काही कारणाने व्यवहार रद्द झाला. डेटाबेस सेटिंगला जुन्या स्थितीत नेतो. बरणीवर बदलाची खूण नव्हतीच, त्यामुळे ती पूर्वस्थितीत नेण्याचं कारण नाही. तिच्याशेजारची किंमत टिकून राहते. म्हणजे जो दर डेटाबेसमध्ये कधी लागूच झाला नाही, त्या दराने काढलेली किंमत ग्राहकांना दिसू लागते. तात्पुरता गुणधर्म व्यवहाराच्या चौकटीबाहेर असतो, हे कायम ध्यानात ठेवायला हवं.

फेरफार क्रमांक

दर बदलल्यावरही मागे राहणाऱ्या जुन्या किमतीवरचा उपाय महसूल खात्याच्या व्यवहारात मुरलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. सातबाऱ्याचा उतारा आपण काढून घरात ठेवतो. मूळ नोंद सरकारी दप्तरात असते. तिथे खरेदी, वारस किंवा बोजा यांची फेरफार नोंद झाली, म्हणून घरातल्या कागदावरची अक्षरं बदलत नाहीत. म्हणूनच उताऱ्यावर तारीख असते, फेरफारांचे क्रमांक असतात, आणि जमीन घेणारा जाणता माणूस हातातल्या उताऱ्यावरचा शेवटचा फेरफार आणि दप्तरातला शेवटचा फेरफार एकच आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही.

कॅशमध्येही तेच करायचं. नुसती ६७२ ही किंमत न ठेवता, ती सेटिंगच्या कोणत्या आवृत्तीवरून काढली, हेही सोबत ठेवायचं. झेडओडीबीत प्रत्येक वस्तूला ती जतन होताना नवा क्रमांक मिळतो. किंमत वापरण्याआधी सोबतचा क्रमांक आणि सेटिंगचा आजचा क्रमांक ताडून पाहायचे. जुळले तर किंमत वापरायची. नाही जुळले तर नव्याने काढायची. एक छोटी तुलना दर वेळी करावी लागते, पण जुनी किंमत शोधून शोधून पुसण्याची जबाबदारी डोक्यावरून उतरते.

रुबी ऑन रेल्स ही वेब सॉफ्टवेअर बांधण्याची चौकट वापरणाऱ्यांमध्ये हाच विचार वेगळ्या वाटेने रुजला. बेसकॅम्प या उत्पादनाच्या नव्या आवृत्तीसाठी डेव्हिड हाइनमायर हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास तो मोठ्या प्रमाणावर वापरला आणि २०१३ साली आलेल्या रेल्स ४ मध्ये तो सर्वांच्या हाती आला. तिथे कॅशमधल्या नोंदीच्या नावातच वस्तूचा क्रमांक आणि ती शेवटची बदलल्याची वेळ असते. वस्तू बदलली की नाव बदलतं आणि जुन्या नावाची नोंद कुणी मागतच नाही. जागा लागेल तेव्हा कॅश तिला काढून टाकते. एका प्रकल्पात दहा कामं असतील आणि त्यातलं एक बदललं, तर ते काम प्रकल्पाच्या बदलाची वेळही पुढे सरकवतं. बाकी नऊ कामांचे तुकडे जुन्याच नावाने मिळतात आणि प्रकल्पाचं पान त्यांतून पटकन जुळवलं जातं.

सगळ्यांची मिळून एक कॅश

आता तिसरी जागा. चार थ्रेडच्या चार प्रती परवडतात. दहा सर्व्हर आणि प्रत्येकावर अनेक प्रोसेस असतील, तर तेच उत्तर शंभर ठिकाणी काढलं आणि ठेवलं जातं. लाइव्हजर्नल या संकेतस्थळाच्या ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ साली यावर मेमकॅश्ड हा उपाय काढला. आधी तो पर्ल भाषेत होता, मग अनातोली व्होरोबे यांनी सी भाषेत पुन्हा लिहिला. कल्पना साधी: अनेक यंत्रांवरची शिल्लक रॅम एकत्र करून सगळ्या सर्व्हरांसाठी एक सामाईक साठा. नाव द्या, नोंद मिळेल. नसेल तर डेटाबेसकडून आणा आणि तिथे ठेवा.

प्रती कमी झाल्या, पण कॅश आणि डेटाबेस आता दोन स्वतंत्र घरं झाली. मूळ वस्तू बदलल्याचं या कॅशला कुणी सांगत नाही, आपणच सांगायचं. नेहमीची रीत अशी की डेटाबेसमध्ये बदल करावा आणि कॅशमधली नोंद पुसावी. यातही एक फट राहते. पहिला वाचक कॅशमध्ये पाहतो, नोंद नसते, म्हणून डेटाबेसमधून जुनी किंमत उचलतो. तो ती कॅशमध्ये ठेवण्याच्या आत दुसरा कुणी किंमत बदलतो आणि कॅशमधली नोंद पुसतो. मग पहिला वाचक हातातली जुनी किंमत आणून कॅशमध्ये ठेवतो. पुसणारा येऊन गेलेला आहे. आता ती जुनी किंमत हटवायला कुणी येणार नाही.

फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ साली मांडलेल्या शोधनिबंधात या फटीवरचा त्यांचा तोडगा सांगितला. नोंद सापडली नाही, तर कॅश मागणाऱ्याला एक परवाना क्रमांक देते. मधल्या काळात कुणी ती नोंद पुसली, तर परवाना रद्द होतो आणि जुनी किंमत घेऊन येणाऱ्याला कॅश परत पाठवते. याच परवान्याने दुसरंही काम साधलं. लोकप्रिय नोंद पुसली गेली की हजारो सर्व्हर एकाच क्षणी डेटाबेसवर तुटून पडतात. कॅशने एका नोंदीसाठी ठरावीक सेकंदांत एकालाच परवाना द्यायचा आणि बाकीच्यांना क्षणभर थांबायला सांगायचं ठरवलं. त्या निबंधात तपासलेल्या नोंदींच्या बाबतीत डेटाबेसवरचा सर्वोच्च भार सेकंदाला १७ हजार प्रश्नांवरून १,३०० वर आला.

या गर्दीचं गणित साधं पण जागं करणारं आहे. शंभरातली ९९ उत्तरं कॅश देत असेल, तर डेटाबेसकडे एक प्रश्न जातो. हे प्रमाण ९८ वर आलं, तर कॅशच्या बाजूने पाहता जेमतेम एक टक्का घसरण. डेटाबेसच्या बाजूने पाहता काम दुप्पट. आणि कॅश पूर्ण रिकामी झाली तर शंभरपट. जो डेटाबेस कॅशच्या आडोशाने वर्षानुवर्षं निवांत चालला, तो त्या दिवशी उभा राहीलच याची खात्री नसते.

मूळच चुकलं तर

२३ सप्टेंबर २०१० रोजी फेसबुक अनेक वापरकर्त्यांसाठी सुमारे अडीच तास बंद पडलं. कंपनीने नंतर दिलेलं स्पष्टीकरण या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे. कॅशमधल्या काही सेटिंग चुकीच्या आढळल्या, तर त्या आपोआप दुरुस्त करणारी व्यवस्था त्यांनी बनवली होती: कॅशमधली किंमत अवैध दिसली की मूळ साठ्यातून खरी किंमत आणायची. त्या दिवशी मूळ साठ्यातच एक अवैध किंमत नोंदली गेली. प्रत्येक सर्व्हरला कॅशमधली किंमत चुकीची दिसली, प्रत्येकाने डेटाबेसकडे धाव घेतली आणि सेकंदाला लाखो प्रश्नांखाली डेटाबेस दबला. डेटाबेस उत्तर देईना, तर सर्व्हरांनी ती त्रुटीही ‘किंमत अवैध’ अशीच वाचली आणि कॅशमधली नोंद पुसली. त्यामुळे आणखी प्रश्न, आणखी त्रुटी, आणखी पुसणं. मूळ चूक दुरुस्त झाल्यावरही हे चक्र थांबेना. शेवटी डेटाबेसकडे जाणारी सगळी वाहतूक तोडावी लागली, म्हणजे संकेतस्थळच बंद करावं लागलं.

‘उत्तर मिळालं नाही’ आणि ‘उत्तर चुकीचं आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेटाबेस आजारी असताना जुनी नक्कल टाकून देणं हा सर्वांत वाईट निर्णय ठरतो. अशा वेळी थोडं शिळं उत्तर देत राहणं कितीतरी बरं.

नक्कल कुणाची?

जुनी किंमत दिसली तर नुकसान रुपयांत मोजता येतं. दुसऱ्याची माहिती दिसली तर ते नुकसान भरून येत नाही. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर हल्ला झाला आणि वाहतूक प्रचंड वाढली. ती पेलण्यासाठी कॅशिंगचे नवे नियम घाईने लावले गेले. त्यातल्या एका चुकीच्या नियमामुळे लॉगिन केलेल्या ग्राहकांसाठी तयार झालेली पानंही कॅशमध्ये जाऊन इतरांना दिली गेली. सुमारे ३४ हजार ग्राहकांची पानं अशी परक्यांना दिसली असण्याची शक्यता कंपनीने जाहीर केली. त्यांत बिलाचे पत्ते, ईमेल, खरेदीचा इतिहास होता.

२० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटीच्या काही वापरकर्त्यांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली. तिथे वापरकर्त्यांची माहिती रेडिस या कॅशमध्ये होती आणि तिच्याशी बोलणाऱ्या पायथनच्या लायब्ररीत दोष होता. विनंती अर्ध्यात रद्द झाली की तिचं न उचललेलं उत्तर त्याच जोडणीत पडून राहायचं आणि ती जोडणी पुढे वापरणाऱ्याच्या हाती पडायचं. ठरावीक नऊ तासांत सक्रिय असलेल्या पैसे भरणाऱ्या सदस्यांपैकी १.२ टक्क्यांची देयकविषयक माहितीही इतरांना दिसली असू शकते, असं कंपनीने सांगितलं.

म्हणून कॅशमधल्या नोंदीच्या नावात ती कुणासाठी आहे हे असलंच पाहिजे, आणि नोंद वाचल्यावर ती त्याच माणसाची आहे ना, हेही पुन्हा तपासलं पाहिजे. सर्वांसाठी असलेलं आणि एकासाठी असलेलं यांचे साठे वेगळे ठेवता आले, तर उत्तमच.

किती शिळं चालेल?

सगळ्याच माहितीला एक नियम लावता येत नाही. दहावीचा निकाल जाहीर झाला की महाराष्ट्रात पंधरा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांच्या घरून एकाच दुपारी तो पाहिला जातो. जाहीर झालेली गुणपत्रिका त्या दुपारी बदलत नाही, म्हणून ती निर्धास्त कॅशमध्ये ठेवण्याजोगी. क्रिकेटचा धावफलक दर चेंडूला बदलतो, पण तो दोन-तीन सेकंद मागे असला तरी कुणाचं बिघडत नाही. तिथे तेवढ्या मुदतीची कॅशही डेटाबेसचा बहुतेक भार उचलते. रेल्वेच्या शिल्लक जागांचा आकडा शोधताना मिनिटभर जुना चालेल. पैसे घेऊन जागा देताना मात्र मूळ दप्तरच उघडलं पाहिजे. एकच आकडा, पण पाहण्यासाठी वेगळा नियम आणि व्यवहारासाठी वेगळा.

तुम्ही स्वतः वेब सॉफ्टवेअर लिहीत असाल, तर कॅश लावण्याआधी मोजा. पान संथ आहे ते नेमकं कुठे, हे कळल्याशिवाय नक्कल ठेवू नका; कितीदा तरी एका विसरलेल्या इंडेक्सने काम भागतं. मोजल्यावरही कॅश हवीच असेल, तर चार प्रश्नांची उत्तरं प्रोग्राममध्ये त्याच जागी लिहून ठेवा. हे उत्तर कोणकोणत्या वस्तूंवरून काढलं? त्या बदलल्या तर याला कळवणार कोण? हे कुणी पाहायचं आणि कुणी नाही? हे किती जुनं झालेलं चालेल? चारही उत्तरं स्पष्ट असतील, तर निष्कर्ष वस्तूच्या शेजारी ठेवा किंवा दूरच्या कॅशमध्ये, तो दगा देणार नाही. यातल्या एकाचंही उत्तर ‘पाहू नंतर’ असं असेल, तर ती कॅश लावू नका. संथ पान ग्राहक सहन करतो. चुकीच्या किमतीवर किंवा दुसऱ्याच्या माहितीवर गेलेला त्याचा विश्वास परत येत नाही.